स्वित्झर्लंडची सहल आखताना: शिखराला तारीख लावू नका

तीन हजार मीटरवरच्या त्या गच्चीत आम्ही सहा जण कठड्याला टेकून उभे होतो आणि समोर काहीच नव्हतं. नुकताच चुना दिलेल्या भिंतीकडे तोंड करून उभं राहावं, तसं. तिकिटं दोन महिने आधी काढलेली, पैसे परत न मिळणारी. मुलांनी बर्फाचे गोळे केले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, यापेक्षा आपला माळशेज बरा. भाडं तरी नाही!" आणि आम्ही खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळंभोर. पण तोवर आम्ही बॅगा घेऊन दुसऱ्या गावच्या गाडीत बसलो होतो, कारण कार्यक्रमात तसं लिहिलं होतं.

दुसऱ्या खेपेला कागद कोरा ठेवला आणि सहल जमली. म्हणून खाली जे सांगते आहे, ते सगळं एकाच गोष्टीभोवती बेतलेलं आहे: मुक्कामाची गावं दोनच घ्या, दोन्हीकडे चार-पाच रात्री राहा, आणि कोणत्या दिवशी कोणतं शिखर हे घरून ठरवून जाऊ नका. व्हिसा, पास, खोली, सामान यांचे निर्णय त्यातूनच निघतात.

आधी कॅलेंडर

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि आल्प्सचा हंगाम यांचं मुळात पटत नाही. तिथलं स्कीइंग साधारण एप्रिलमध्ये आटोपतं आणि उन्हाळी हंगाम मेअखेर-जूनमध्ये उघडतो. मधल्या आठवड्यांत बरेच रोपवे तपासणी-दुरुस्तीसाठी बंद असतात. ऑक्टोबर सरल्यापासून डिसेंबरपर्यंत पुन्हा तेच. म्हणजे मे महिना आणि दिवाळी या आपल्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या त्या फटीत पडतात. जाहिरातीतली फुलांनी भरलेली उंचावरची कुरणं जुलैची असतात. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच वाटांवर बर्फ असतो आणि उंच खिंडींतले मोटाररस्ते उघडलेले नसतात.

शाळेचं बंधन असेल तर मेचा शेवटचा आठवडा ते १० जूनच्या आसपास हा काळ पकडा. वितळत्या बर्फामुळे धबधबे ऐन भरात असतात, सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे चारला पाऊस थांबला तरी दिवस वाया जात नाही. उणी बाजूही सांगते. ग्रिंडेलवाल्ड गावाच्या वरचं बाखाल्पसे हे तळं २,२६५ मीटरवर आहे. जूनच्या सुरुवातीला ते बऱ्याचदा गोठलेलंच असतं, त्यामुळे पाण्यात शिखराचं प्रतिबिंब वगैरे विसरा. शिवाय मे-जूनमध्ये येशूच्या स्वर्गारोहणाची आणि पेंटेकॉस्टची सुट्टी येते. ते दोन लांब शनिवार-रविवार टाळा, नाहीतर सगळा देश तुमच्याबरोबर रांगेत असतो.

मुलं मोठी झालेल्यांनी सरळ सप्टेंबर घ्यावा. हवा जरा स्थिर असते आणि उंचावरच्या गायी फुलांचे मुकुट आणि मोठाल्या घंटा घालून खाली उतरतात. आपला पोळा आठवतो. कोणत्या गावात कोणत्या दिवशी, हे त्या-त्या गावाच्या पर्यटन कार्यालयाकडून आधी कळतं.

तारखा ठरवण्यापूर्वी एक काम नक्की करा: जे रोपवे आणि डोंगरी गाड्या मनात आहेत, त्या प्रत्येकाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या बंद राहण्याच्या तारखा बघा. दहा मिनिटांचं काम आहे. विमानाचं तिकीट त्यानंतर.

दोन गावं

मुंबईहून झ्युरिकला थेट विमान आहे. झ्युरिक विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे शहरात मुक्काम करायची गरज नाही. पहिलं ठिकाण ल्युसर्न, तिथून दुसरं इंटरलाकेनचा परिसर. पहिल्या सहलीला एवढं पुष्कळ.

ल्युसर्न घ्यायचं कारण, एका गावातून तीन वेगळ्या स्वभावाचे डोंगर हाताशी येतात. रिगी १,७९८ मीटर. तलावातून बोटीनं फित्स्नाऊला जायचं आणि १८७१ साली सुरू झालेल्या, युरोपातल्या पहिल्या डोंगरी रेल्वेनं वर. पिलाटस २,१२८ मीटर; त्याची दातेरी रुळांची गाडी जगातली सर्वांत तीव्र चढाची, ४८ टक्के, १८८९ पासून चालू, पण हिवाळ्यात बंद. आणि टिटलिस, एंगेलबर्गहून वर जायचं, शेवटच्या टप्प्यात गोल फिरणारा पाळणा, वर ३,००० मीटरवर हिमनदी. कमी उंची, मध्यम उंची, जास्त उंची. ढग कोणत्या थरात आहेत त्यावरून तिघांतला एक निवडता येतो.

दुसरं ठिकाण निवडताना लोक सरसकट इंटरलाकेन शहर घेतात. वाईट नाही, हॉटेलं भरपूर, भारतीय जेवण मिळतं, कुर्साल बागेत यश चोप्रांचा पुतळासुद्धा आहे. पण इंटरलाकेन दोन तलावांच्या मधल्या सपाटीवर आहे. डोंगर बघायला रोज बाहेर पडावं लागतं. मला लाउटरब्रुनेन किंवा व्हेंगेन जास्त आवडतं. लाउटरब्रुनेनच्या दरीत दोन्ही बाजूंना उभे कडे आणि गावाच्या डोक्यावर जवळजवळ ३०० मीटरवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा. पावसाळ्यात सह्याद्री बघितलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. व्हेंगेन कड्यावर १,२७४ मीटरवर आहे, मोटारी नाहीत, खालून रेल्वेनंच पोचता येतं. वडीलधारे असतील तर लाउटरब्रुनेन स्टेशनजवळची जागा घ्या, बस आणि गाडी दोन्ही दारात. इंटरलाकेनलाच राहायचं ठरलं तर 'ओस्ट' स्टेशनजवळ राहा. डोंगराकडच्या गाड्या तिथून सुटतात, 'वेस्ट'हून नाही.

झेरमाटचं मॅटरहॉर्न शिखर राहिलं म्हणून हळहळू नका. इंटरलाकेनहून स्पीझ-व्हिस्पमार्गे अडीच तासांच्या आत झेरमाटला पोचता येतं, तिथून गोर्नरग्राटच्या गाडीनं ३,०८९ मीटरवर. आकाश स्वच्छ असेल तर पहाटे निघून रात्री परत. ग्लेशियर एक्स्प्रेसबद्दल मात्र माझं मत सरळ आहे: लहान मुलांसोबत काचबंद डब्यात आठ तास, त्यावर सक्तीचं आरक्षण. पहिल्या सहलीत नको.

व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या शेंगेन क्षेत्रात आहे, व्हिसा शेंगेनचाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. खरी अडचण भेटीच्या वेळेची असते. मेच्या सहलीसाठी मार्च-एप्रिलमध्ये व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राच्या वेळा भरून जातात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत हालचाल करा. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना नाही. व्हीएफएसचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पॅराग्लायडिंग करणार असाल तर विमा ते धरतो का, हे वाचून घ्या; बहुतेकदा धरत नाही. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला.

दोन देश करत असाल तर जिथं जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरता त्या देशाकडे.

अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो, आणि मी तर म्हणते आहे की दिवस ठरवू नका. यात काही भानगड नाही. मुक्कामाची गावं आणि हॉटेलं पक्की लिहा, दिवसाच्या रकान्यात 'ल्युसर्न परिसर', 'लाउटरब्रुनेन परिसर' असं लिहा. मुक्काम खरे ठेवा. लहान मुलं एकाच पालकाबरोबर जाणार असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र लागतं, त्याची तयारी आधी करा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन प्रवेशाची नोंद करायला सुरुवात झाली आहे. त्यामुळे उतरल्यावर रांगेला थोडा जास्त वेळ धरा आणि पुढच्या गाडीचं ठरावीक वेळेचं स्वस्त तिकीट काढून ठेवू नका.

पासचा हिशेब

इथं सगळ्यांत जास्त पैसे जातात आणि इथंच सगळ्यांत कमी विचार होतो. एजंटला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: स्विस ट्रॅव्हल पास. सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा हा पास घेतला की रेल्वे, बस, बोटी, शहरांतल्या ट्राम सगळं फुकट. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे डोंगरही त्यात येतात. पण टिटलिस, पिलाटस, गोर्नरग्राटवर ५० टक्के सूट, आणि युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनला ग्रिंडेलवाल्ड किंवा व्हेंगेनच्या पुढे फक्त २५ टक्के.

दुसरा पर्याय स्विस हाफ फेअर कार्ड. महिनाभर चालतं, आणि रेल्वे, बोटी, जवळपास सगळे रोपवे, युंगफ्राउयोखसुद्धा अर्ध्या किमतीत. आता विचार करा. इंटरलाकेनहून युंगफ्राउयोखचं जाऊन-येऊन पूर्ण तिकीट उन्हाळ्यात २०० फ्रँकच्या वर जातं. एक फ्रँक म्हणजे शंभर रुपयांच्या वरच. एवढ्या रकमेवर पाव सूट आणि अर्धी सूट यातला फरक चौघांचा मोजून बघा. जो माणूस रोज नव्या शहरात पळतो, त्याला ट्रॅव्हल पास परवडतो. दोन गावांत राहून तीन महागडी शिखरं करणाऱ्याला बहुधा हाफ फेअर स्वस्त पडतं. आणि त्यात आपल्या कामाची गोष्ट अशी की ढगाळ दिवशी घरी बसलात तर पासचा दिवस फुकट गेला ही रुखरुख नाही.

तिसरा प्रकार त्या-त्या भागाच्या पासचा. ल्युसर्नभोवती टेल पास, त्यात रिगी, पिलाटस, टिटलिस तिन्ही बसतात; इंटरलाकेनकडे बर्नर ओबरलांड पास आणि युंगफ्राउ ट्रॅव्हल पास. चार दिवस एकाच भागात मुक्काम असेल तर हेही मोजा.

हिशेबाची रीत सोपी आहे. एसबीबी म्हणजे स्विस रेल्वे, तिच्या ॲपमध्ये मनातला प्रत्येक प्रवास टाका, पूर्ण भाडं कागदावर लिहा, समोर तीन रकाने करा: ट्रॅव्हल पास, हाफ फेअर, स्थानिक पास. बेरीज करा. अर्धा तास लागतो. आम्ही केला तेव्हा चौघांच्या बेरजेत एका विमान तिकिटाएवढा फरक आला. मुलांसाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्यायला विसरू नका. आई किंवा वडील सोबत असतील तर सहा ते पंधरा वर्षांची मुलं फुकट. फक्त आजी-आजोबांबरोबर पाठवलंत तर ते चालत नाही.

खोली, फोडणी आणि बॅग

साध्या हॉटेलातल्या जेवणाला माणशी २५-३० फ्रँक सहज लागतात, म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. कूप आणि मिग्रोची दुकानं गावोगाव आहेत. रविवारी ती बंद. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. शनिवारी संध्याकाळी दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवायची. पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम असतं आणि रस्त्यावरच्या हौदांचंही, जिथं 'काइन ट्रिंकवासर' म्हणजे 'पिण्याचं नाही' असं लिहिलं नसेल तिथं.

स्वयंपाकघरात धुराचा अलार्म असू शकतो. आम्ही पहिल्याच संध्याकाळी तेल कडक तापवून मोहरी टाकली आणि छतावरचं यंत्र असं किंचाळायला लागलं की धाकटा पलंगाखाली गेला. आता नियम: आधी खिडकी, मग पंखा, मग कढई. रात्री दहानंतर शांतता पाळतात, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या त्याआधी.

भारतातून काय न्यायचं हा प्रश्न आपल्याकडे व्हिसाइतकाच गंभीर. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी घरी. ताजी फळं-भाज्याही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मे महिना असला तरी हापूस आणि कढीपत्ता ठेवून जा. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, पोहे, मसाले हे पुरतं. तुपाची आठवण आली तर तिथलं लोणी घेऊन कढवा. आमच्या सासूबाईंनी कढवलं, आणि बेरीत साखर घालून मुलांना दिलीसुद्धा.

बाहेर खाताना शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी विचाराव्यात. रोश्टी हा बटाट्याच्या किसाचा पदार्थ थेट आपल्या उपासाच्या किसाचा भाऊ वाटतो, पण त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'ओने श्पेक' म्हणजे त्याशिवाय. आणि ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी फॉन्ड्यू-राक्लेट या वितळलेल्या चीजच्या पदार्थांच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

बॅग छोटी ठेवा. फलाट बदलायला पाच-सहा मिनिटं मिळतात, आणि तेवढ्या वेळात २३ किलोची बॅग जिन्यानं वर न्यावी लागली की सहलीतलं प्रेम आटतं. कपडे थरांत घाला: सुती, त्यावर लोकर किंवा फ्लीस, त्यावर आपला पावसाळी विंडचीटर. बर्फावरच्या उन्हासाठी गॉगल आणि सनस्क्रीन जूनमध्येही लागतं. दोन पिनांचा चार्जर तिथल्या प्लगात बसतो. तीन पिनांना अडॅप्टर हवा.

सकाळी सहा वाजता

आता मुख्य गोष्ट. बहुतेक मोठ्या शिखरांवर वेबकॅम असतो आणि त्याचं चित्र फुकट बघता येतं. कित्येक हॉटेलांच्या नाश्त्याच्या खोलीत टीव्हीवर हीच चित्रं आळीपाळीनं चालू असतात. आमचा रोजचा कार्यक्रम असा: सहाला उठायचं, चहाचं आधण ठेवायचं आणि तीन डोंगरांचे कॅमेरे उघडायचे. खिडकीतून बाहेर बघून ठरवू नका. खिडकी फसवते, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ल्युसर्नच्या तलावावर राखाडी धुकं बसलेलं असतं, माणूस कंटाळून पुन्हा पांघरुणात शिरतो, आणि त्याच वेळी रिगीवर लख्ख ऊन असतं, खाली ढगांचा समुद्र. उलटंही होतं: दरीत ऊन, आणि तीन हजार मीटरवर आमची ती चुन्याची भिंत.

कॅमेऱ्यात शिखर स्वच्छ दिसलं की तिकीट तेव्हाच ॲपवर काढायचं आणि निघायचं. उन्हाळ्यात दुपारी ढग चढतात, म्हणून पहिल्या दोन-तीन गाड्यांतली एखादी. गर्दीच्या महिन्यांत युंगफ्राउयोखच्या शेवटच्या टप्प्याला जागा राखून ठेवावी लागू शकते. ती आदल्या रात्री, हवामानाचा अंदाज बघून ठेवा, दोन महिने आधी नाही.

युंगफ्राउयोखबद्दल थोडं जास्त. स्टेशन ३,४५४ मीटरवर, १ ऑगस्ट १९१२ ला उघडलं. आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून बोगदा खोदायला सोळा वर्षं लागली होती. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्स्प्रेस हा रोपवे १५ मिनिटांत आयगरग्लेचरला पोचवतो. त्यानं जा आणि परत येताना क्लाइनं शाइडेगमार्गे व्हेंगेनच्या गाडीनं उतरा, म्हणजे दोन्ही बाजू बघून होतात. वर हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच. उतरल्या उतरल्या मुलं पळत सुटतात आणि दहा मिनिटांत डोकं धरून बसतात. हळू चाला, पाणी प्या. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यासाठी रिगी किंवा लाउटरब्रुनेनच्या वरचं म्युरेन गाव जास्त सुखाचं.

आणि सगळेच कॅमेरे पांढरे दिसले तर? तो दिवस दरीचा. ट्र्युमेलबाखचे धबधबे डोंगराच्या आत आहेत, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी कोसळतं. पावसानं तिथं काही बिघडत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र आत सोडत नाहीत. बर्नला जा: जुन्या शहरात जवळजवळ सहा किलोमीटरच्या छत असलेल्या कमानी आहेत, छत्री न उघडता फिरता येतं, आणि क्रामगासेवर आइनस्टाइन १९०३ ते १९०५ मध्ये राहत होता ते घर आहे. ल्युसर्नला असाल तर वाहतूक संग्रहालय; मुलं संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाहीत. नाहीतर ब्रिएन्झच्या तलावात बोटीनं फिरा. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे त्याचं पाणी हिरवट-निळं दिसतं.

गाडीत आणि वाटेवर

इंटरलाकेन ओस्टहून डोंगराकडे जाणारी गाडी स्वाइल्युट्शिनेन नावाच्या छोट्या स्टेशनात दुभंगते. काही डबे लाउटरब्रुनेनला, काही ग्रिंडेलवाल्डला. हे डब्यावर लिहिलेलं असतं. आमच्या बाबांना खिडकीची जागा पुढच्या डब्यात मिळाली, आम्ही मागच्यात बसलो, आणि थोड्या वेळानं आजी एका दरीत, आजोबा दुसऱ्या. फोन चालू होते म्हणून निभावलं. बाबा परत आले ते तिकडचं सफरचंदाचं केक खाऊन. तेव्हा सगळे एकाच डब्यात बसा, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये तिथं चालणारं सिमकार्ड किंवा ई-सिम असू द्या.

चालण्याच्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर किलोमीटरऐवजी वेळ लिहिलेला असतो, आणि तो न थांबता चालणाऱ्या माणसाचा. फोटो, पाणी, 'दम लागला' हे धरून दीडपट करा. साधी पिवळी पाटी म्हणजे कुणालाही जमेल अशी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, चांगले बूट हवेत, आपल्या ट्रेकवाल्यांना आवडेल अशी. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा. सर्वांसाठी एक वाट सुचवते: मेन्लिखेनहून क्लाइनं शाइडेग. दीड तास, जवळजवळ सपाट, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघेही. मेन्लिखेनचा रोपवे उघडला आहे का, वाटेवर बर्फ आहे का, हे मेअखेर जाणाऱ्यांनी आधी बघावं. वाटेत भेटणारा प्रत्येक जण नमस्कार करतो. बर्नच्या भागात 'ग्र्युएसेख', झ्युरिककडे 'ग्र्युएत्सी'. उत्तर द्या. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १४४, डोंगरात हेलिकॉप्टर लागलं तर १४१४.

परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र विमानतळाजवळ काढा. चॉकलेटं विमानतळाच्या चकचकीत दुकानातून घेऊ नका. त्याच इमारतीत स्टेशनच्या बाजूला मिग्रो आहे, रविवारीही उघडं असतं, आणि ऑफिसातल्या वीस जणांना वाटायची वडी तिथं बरीच स्वस्त मिळते.